सुरीची किंमत आणि सुरीचं मोल



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, मुलगा अमेरिकेत असतो. त्यानं चारशे डॉलर देऊन घडीचा एक चाकू घेतलाय. वापरत नाही. मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवतो, रविवारी काढून पुसतो. आता आणखी तीन घेणार म्हणतो. हे शहाणपणाचं आहे का?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण घरी जाताना प्रश्न डोक्यातून जाईना. वरवर तो चाकूचा दिसतो, मुळात आहे किमतीचा. आणि किंमत म्हणजे काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. शिवाय या व्यवहारात मी स्वतः एकदा हात पोळून घेतलेले आहेत. ते नंतर सांगतो. तेव्हा आजचा विषय हाच धरू : संग्रहासाठी घेतलेली महागडी सुरी दिलेल्या पैशाचं चीज करते का?

सुरुवात ग्रीकांपासून करू. या मंडळींना उदाहरण द्यायची वेळ आली की हाताशी सुरीच लागायची. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस विचारतो, द्राक्षवेलीची फांदी कशानं कापता येईल? खंजिरानं येईल, साध्या सुरीनंही येईल. पण छाटणीसाठीच घडवलेल्या कोयत्यानं ती जितकी नीट कापली जाईल, तितकी दुसऱ्या कशानं नाही. म्हणजे प्रत्येक वस्तूचं एक नेमकं काम असतं, आणि ते काम उत्तम करणं हा तिचा गुण. नाशिकच्या बागाईतदाराला हे कळायला सॉक्रेटिस लागणार नाही, हे मला मान्य आहे.

त्याचा शिष्य प्लेटो, आणि प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल. 'पॉलिटिक्स'मध्ये अ‍ॅरिस्टॉटल डेल्फीच्या सुरीचा उल्लेख करतो. ही अनेक कामांना चालणारी, काटकसरीत बनवलेली सुरी. तो म्हणतो, निसर्ग असा चिक्कूपणा करत नाही, तो एका कामाला एक वस्तू घडवतो. त्याच ग्रंथात पुढे तो सांगतो की पायताणाचे दोन उपयोग असतात : एक पायात घालणं, दुसरा ते देऊन बदल्यात काही घेणं. उपयोगाचं मूल्य वेगळं आणि देवाणघेवाणीचं मूल्य वेगळं, हा अर्थशास्त्रातला भेद तिथून सुरू होतो. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथनं पाणी आणि हिरा यांचं जे कोडं मांडलं, ते याच वाटेवरचं : पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी तो महाग.

मराठीत आपण यासाठी दोन शब्द वापरतो, किंमत आणि मोल. बोलताना ते एकमेकांत मिसळतात, पण आज मी ते वेगळे ठेवणार आहे. किंमत दुकानदार सांगतो. मोल आपल्याला ठरवावं लागतं.

आता पहिली कसोटी, कापण्याची. आमच्या घरी आईची विळी होती. तिच्यावर तिनं चाळीस-एक वर्षं भाजी चिरली, नारळ खोवला. धार लावणारा सायकल घेऊन यायचा, पायडल मारून सहाण फिरवायचा, ठिणग्या उडायच्या. त्या विळीची किंमत काय असेल? काही रुपये. कापण्याच्या हिशेबानं तिनं तिचे पैसे किती पटींनी फेडले, ते मोजताही येणार नाही.

मग महाग पोलादात जास्त काय असतं? काहीतरी असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोलाद म्हणजे लोखंडात मिसळलेला थोडासा कार्बन. ते कठीण केलं तर धार टिकते, पण पातं ठिसूळ होऊन त्याचा टवका उडतो. मऊ ठेवलं तर पातं तुटत नाही, पण धार लवकर जाते. तापवून, पाणी देऊन, पुन्हा हलकं तापवून लोहार या दोन्हींतला मध्य साधतो. सगळी विद्या त्या मध्यात आहे. विसाव्या शतकात यात नवी भर पडली. वितळलेल्या पोलादाचे बारीक थेंब उडवून त्यांची भुकटी करायची आणि ती उष्णतेत दाबून पुन्हा घट्ट करायची. त्यामुळे आतले कठीण कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरतात. अमेरिकेत २००१ च्या सुमारास आलेलं एस-३०-व्ही हे पोलाद असंच, आणि ते मुद्दाम चाकूंसाठी तयार केलेलं. असं पातं धार खरोखर जास्त दिवस धरतं. चांगली बिजागरी, हलकी धातूची मूठ, पातं मधोमध बसणं, यालाही मेहनत लागते आणि मेहनतीला पैसे पडतात.

पण या वाटेला शेवट आहे. दोनशे रुपयांच्या सुरीवरून दोन हजारांच्या सुरीवर गेलात तर हाताला फरक कळतो. दोन हजारांवरून वीस हजारांवर गेलात तर फरक असतो, पण तो शोधावा लागतो. वीस हजारांवरून दोन लाखांवर गेलात तर टोमॅटोला काहीच कळत नाही. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या क्रिस रीव्ह या कारागिरानं 'सेबेन्झा' नावाचा एक घडीचा चाकू बनवला. संग्राहकांत तो फार मानला जातो. सेबेन्झा हा झुलू भाषेतला शब्द, त्याचा अर्थ 'काम'. आणि कित्येक घरांत हे 'काम' मखमलीवर पडून असतं! सॉक्रेटिसनं यावर नक्कीच दोन तास घेतले असते.

दुसरी कसोटी, विकून पैसे परत मिळण्याची. इथे संग्राहक मंडळी हमखास एक गोष्ट सांगतात. रॉबर्ट लव्हलेस नावाचा खलाशी होता. १९५३ साली तो न्यूयॉर्कच्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात फ्लोरिडाच्या रँडल यांनी बनवलेली सुरी घ्यायला गेला. दुकानदार म्हणाला, नऊ महिने थांबावं लागेल. लव्हलेसनं भंगारातल्या जुन्या मोटारीच्या स्प्रिंगचं पोलाद घेतलं आणि स्वतःच सुरी घडवली. पुढे त्याच दुकानानं त्याच्या सुऱ्या विकायला ठेवल्या. १९७० मध्ये अमेरिकेतल्या सुरी-कारागिरांचा संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत तो होता. २०१० साली तो वारला. शिकाऱ्यानं जनावर सोलावं म्हणून बनवलेल्या त्याच्या सुऱ्या आज हजारो डॉलरना जातात.

गोष्ट खरी आहे. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे. आपल्याला लव्हलेस आठवतो, कारण त्याचं नाव झालं. त्याच काळात तितक्याच निष्ठेनं सुऱ्या घडवणारे आणि आज कोणी नावही न घेणारे किती असतील? लॉटरी लागलेल्याची मुलाखत छापून येते, न लागलेल्यांची येत नाही. शिवाय व्यवहाराचं साधं गणित आहे. आपण विकत घेतो दुकानाच्या भावानं आणि विकायला जातो तेव्हा दुकानदार आपला नफा कापूनच भाव सांगतो. लिलावात तर घेणारा वर्तणावळ देतो आणि विकणाराही देतो. म्हणजे घरी आणल्या क्षणी वस्तू तोट्यात असते. तो तोटा भरून निघण्याइतकी मागणी वाढेल की नाही, हे चाकूच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही.

आता वरच्या टोकाचं उदाहरण घेऊ. एप्रिल २००८ मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात शहाजहान बादशहाचा एक खंजीर आला. अंदाज ३ ते ५ लाख पौंडांचा होता, तो गेला सुमारे १७ लाख पौंडांना. पात्यावर बादशहाच्या पदव्या आणि १६२९-३० हा काळ कोरलेला आहे. तो खंजीर दुसऱ्या खंजिरापेक्षा बरा कापतो म्हणून कुणी १७ लाख पौंड दिले का? पातं तेच ठेवून ती अक्षरं पुसली, तर किंमत कुठे जाईल? तेव्हा पैसे पडले ते कुणाच्या तरी हाताशी असलेल्या नात्याचे. हे नातं पात्यात सापडत नाही, ते आपल्याला माहीत असावं लागतं.

इथून तिसरी कसोटी सुरू होते, आणि माझ्या मते खरी कसोटी हीच : सुरीमागच्या ज्ञानाची.

शहाजहानच्या बापाकडे जाऊ. एप्रिल १६२१ मध्ये जालंधर परिसरात आकाशातून एक जळता लोखंडी गोळा पडला. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की तो खणून काढला तेव्हा १६० तोळे भरला. बादशहानं तो उस्ताद दाऊदकडे दिला. दाऊदच्या ध्यानात आलं की हे लोखंड हातोड्याखाली टिकत नाही, फुटतं. मग त्यानं तीन भाग आकाशातलं आणि एक भाग साधं लोखंड मिसळलं आणि त्यातून दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर घडवला. बादशहानं हत्यारं समोर तपासून घेतली, ती चांगली कापतात याची खात्री केली आणि मग कौतुक केलं. यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे. त्यांनी ती १९५५ मध्ये मिळवली.

या प्रसंगात मला बादशहापेक्षा दाऊद जास्त महत्त्वाचा वाटतो. तीनास एक हे प्रमाण त्याला कुठल्या पोथीत सापडलं? कुठेच नाही. लोखंड फुटताना जो आवाज येतो, त्यावरून ते त्याच्या हाताला कळलं. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये एक भेद मांडला : 'अमुक असं आहे हे माहीत असणं' वेगळं आणि 'अमुक कसं करायचं ते येणं' वेगळं. पहिलं ज्ञान लिहून ठेवता येतं. दुसरं हातातून हातात जातं. मधला एक हात निसटला की ते गेलं.

आणि असं ते आपल्याकडे गेलं. दक्षिण भारतात, दख्खनमध्ये, मातीच्या लहान मुशीत लोखंड आणि झाडपाला बंद करून तासन् तास तापवत आणि हळूहळू निववत. त्यातून दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद निघे. कानडी 'उक्कू'वरून इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' म्हटलं असं मानतात. घडवल्यावर त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. पश्चिम आशियातल्या ज्या पात्यांना जग 'दमास्कस' म्हणतं, त्यांतल्या उत्तमांना हेच पोलाद लागे. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम गावी १८२० च्या आसपास एक ब्रिटिश अभ्यासक गेला, तेव्हा इराणातल्या इस्फहानचा एक व्यापारी तिथे पोलादाच्या खरेदीसाठी मुक्काम ठोकून होता. किती लांबून गिऱ्हाईक येत होतं पाहा.

या कथेत आपली मुंबईही आहे. कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पीअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. पीअर्सन यांच्या सांगण्यावरून स्टोडार्ट नावाच्या चाकू-सुऱ्यांच्या कारागिरानं त्या पोलादाचा एक छोटा चाकू घडवून पाहिला, आणि तो या धातूच्या प्रेमातच पडला. १८१९ पासून त्याच्याबरोबर या पोलादावर प्रयोग करणारा तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झालेला फॅरडे, लोहाराचा मुलगा. दोघांनी पुष्कळ धडपड केली, पण ती लाटांची नक्षी काही हुकमी उमटेना.

इकडे गंमत कसली, शोकांतिका चालू होती. संस्थानं गेली, फौजा मोडल्या, १८७८ चा हत्यार कायदा आला. जंगलावर निर्बंध आले, कोळसा महागला. विलायती पोलाद स्वस्त पडू लागलं. तलवार घेणारा गेला, सुरी घेणारा विलायती सुरी घेऊ लागला. मुशी एकेक करून थंड झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम जवळजवळ संपलं होतं.

त्यानंतर काय झालं? अमेरिकेतल्या आयोवाच्या विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हन आणि फ्लोरिडात घोड्यांना नाल ठोकणारे आल्फ्रेड पेन्ड्रे, ही जोडी कित्येक वर्षं राबली. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की नक्षीचं रहस्य लोखंडातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशात आहे. विशिष्ट ठिकाणच्या खनिजात तो असे, दुसरीकडच्या खनिजात नसे. जुन्या कारागिरांना व्हॅनेडियम माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की अमुक ठिकाणचं लोखंड घ्यायचं आणि अमुक पद्धतीनं निववायचं. पण तेवढंच पुरेसं होतं. आपण जे पिढीजात हातांनी सांभाळलं, ते परत मिळवायला फॅरडेपासून पेन्ड्रेपर्यंत पावणेदोनशे वर्षं लागली.

आता जपानकडे बघा. तिथेही १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली. लोहारांवर उपासमारीची वेळ आली, बरेच जण स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि शेतीची अवजारं करू लागले. १९४५ च्या पराभवानंतर तर तलवारी जप्तच होऊ लागल्या. पण तिथे घेणारा पूर्ण मेला नाही. १९४८ मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. तलवार ही कलावस्तू आहे, असं मानून तिचं काम चालू राहिलं. १९७७ मध्ये शिमाने प्रांतात पारंपरिक भट्टी पुन्हा पेटली आणि आजही तिथलं पोलाद लोहारांना मिळतं. एका लोहारानं महिन्याला दोनच मोठ्या तलवारी कराव्यात असा नियम आहे. म्हणून त्या महाग. ती किंमत कुणीतरी देतं, म्हणून भट्टी पेटते, आणि भट्टी पेटते म्हणून ज्ञान जिवंत आहे. महाग वस्तूच्या बाजूनं मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच.

पण थांबा. घाईनं पाकीट काढू नका. याच युक्तिवादाची काळी बाजू येमेनमध्ये दिसते. तिथे पुरुष कमरेला जंबिया बांधतात, वाकडा खंजीर. त्याची किंमत पात्यावर ठरत नाही, मुठीवर ठरते, आणि सगळ्यात मानाची मूठ गेंड्याच्या शिंगाची. १९७० च्या दशकात तेलाच्या देशांत कामाला गेलेल्या येमेनी लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, तशी अशा मुठींची मागणी वाढली. आफ्रिकेतले गेंडे त्यापायी मारले गेले. उत्तर येमेननं १९८२ मध्ये शिंगाची आयात बंद केली, तरी चोरटा व्यापार लगेच थांबला नाही. म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा कारागीर जगवतो, तसाच तो जीवही घेतो. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याच्या उरात खुपसली जाते तेव्हा मात्र आपण मुठीचं कौतुक करत बसतो.

आता माझी फजिती. निवृत्तीनंतर एका प्रदर्शनात मी एक सुरी पाहिली. पात्यावर सुंदर लाटा. विक्रेता म्हणाला, अस्सल जुनं पोलाद, घराण्यातली वस्तू. मी नुकतंच हे सगळं वाचलेलं, उत्साहात होतो. बावीस हजार रुपये मोजले. सौ.ला आकडा बारा सांगितला. वर्षभरानं पातं काळवंडलं म्हणून एका वृद्ध शिकलगाराकडे घेऊन गेलो. त्यानं पातं प्रकाशात तिरपं धरलं, अंगठा फिरवला आणि विचारलं, "गुरुजी, कितीला पडली?" मी बारा सांगितलं. तिथेही! तो काही बोलला नाही. त्यानं घासून लखलखीत केलं, तशी नक्षी पुसली गेली. मला वाटलं, ठीक आहे, खरी नक्षी धातूच्या आत असते, ती पुन्हा उमटवता येते. रसायनशास्त्राच्या एका जुन्या सहकाऱ्यानं पात्यावर फेरिक क्लोराइड लावून पाहिलं. पातं सगळीकडे सारखं करडं झालं. लाट एकही नाही. नक्षी नुसती वरून छापलेली होती.

त्या रात्री मला राग विक्रेत्याचा कमी आणि स्वतःचा जास्त आला. पुस्तकातलं सगळं मला माहीत होतं. कोनासमुद्रम माहीत होतं, फॅरडे माहीत होता. राइलचा भेद तर मी तीस वर्षं वर्गात शिकवला. पण पातं तिरपं धरून बघायचं असतं, ते मला येत नव्हतं. ते त्या शिकलगाराला येत होतं, आणि त्यानं पॉलिशचे माझ्याकडून दीडशे रुपये घेतले.

ही फसवणूक काही आजची नाही. मराठ्यांच्या काळात 'फिरंग' म्हणजे युरोपी पात्याची तलवार मोठ्या मानाची होती. ती मानाची, म्हणून युरोपी कारखान्यांचे शिक्के इथल्या पात्यांवरही ठोकले जात. नाव विकलं जातं, तिथे नावाची नक्कल येतेच.

तर त्या गृहस्थांना, ते आज आलेत असं दिसतं आहे, माझं उत्तर असं. कापण्यासाठी घ्यायची असेल तर मध्यम किमतीची चांगली सुरी घ्यावी आणि तिला धार लावायला शिकावं. पैसे वाढावेत म्हणून घ्यायची असेल तर घेऊ नये, त्यासाठी पोस्टात योजना आहेत. आणि जिवंत कारागिराचं काम आवडतं म्हणून घ्यायची असेल, तर जरूर घ्यावी. पण आधी ते काम ओळखायला शिकावं. तो कारागीर कोण, त्यानं पोलादाला पाणी कसं दिलं, मुठीचा माल कुठून आला, हे विचारावं. हे प्रश्न ज्याला विचारता येतात, त्याचे चारशे डॉलर भट्टीत कोळसा होऊन पडतात. ज्याला येत नाहीत, त्याचे माझ्यासारखे छापलेल्या लाटांवर जातात. मुलाला रागावू नका. फक्त त्याला विचारा, की बाबा रे, हे पातं कुणी घडवलं. त्याला सांगता आलं, तर पुढचे तीन घेऊ द्या.

माझी ती सुरी आता स्वयंपाकघरात आहे. कोथिंबीर बरी चिरते. आणि खरा आकडा आज या ध्वनिमुद्रणामुळे घरी कळणार आहे, तेव्हा प्रश्नोत्तरं थोडी लांबवली तरी माझी हरकत नाही.

विचारा.